जुना रेडिओ पुन्हा बोलता करताना

आपल्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आम्ही साहित्यिक नव्हे आणि इतिहासकारही नव्हे. शाळेत मुलांना विज्ञान शिकवावे आणि सुटीच्या दिवशी घराच्या मागच्या खोलीत जुने व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून बसावे, एवढाच आमचा उद्योग. परंतु चिटणीस म्हणाले, "सर, तेच लिहा. आपल्या निम्म्या सभासदांच्या माळ्यावर असा एकेक रेडिओ पडून आहे." हे म्हणणे आम्हांस पटले.

महोत्सवाच्या निमित्ताने घरे झाडली जातात, पाहुणे येतात, जुन्या वस्तू खाली काढल्या जातात. लाकडी पेटीचा तो जड रेडिओ कोणीतरी उचलून आणतो, फडक्याने पुसतो आणि म्हणतो, "लावून तर बघूया, वाजतो का!" वाचकहो, हा लेख त्या एका क्षणासाठी लिहिला आहे. रेडिओ अवश्य खाली काढा, अवश्य पुसा. पण प्लग लावण्यापूर्वी पुढील चार पाने वाचा.

आमच्या हातून झालेली चूक

ही गोष्ट आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो, ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या आजोबांचा पाच व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्यांच्या पश्चात तो कपाटावर गेला आणि पंधरा-वीस वर्षे तेथेच राहिला. आम्ही नुकतेच बी. एस्सी. झालो होतो. पदवीचा उत्साह असा की, आपल्याला सर्व कळते असे वाटे. एके दिवशी अब्बा बाहेर गेलेले पाहून आम्ही तो खाली काढला, धूळ झटकली आणि सरळ विजेला जोडला.

डायलचा दिवा लागला. आम्हांस आनंद झाला. अर्ध्या मिनिटाने मोठा घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. व्हॉल्व्ह तापत आहेत, आता गाणे येईल, अशा आशेने आम्ही बटण फिरवीत बसलो. दहा मिनिटांत मेण वितळल्याचा वास आला आणि मागोमाग धूर. प्लग ओढेपर्यंत मेन्स ट्रान्स्फॉर्मर जळून गेला होता. मागाहून उघडून पाहिले तर फ्यूजच्या जागी कोणी तरी पूर्वी तांब्याची जाड तार बसवलेली. म्हणजे संकट आले तर तोडणारे आत काहीच नव्हते.

अब्बा संध्याकाळी आले. रागावले नाहीत. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि एवढेच म्हणाले, "बेटा, विचारायचं तरी." तो हुबेहूब ट्रान्स्फॉर्मर आम्हांस पुढे कधीच मिळाला नाही. रेडिओ आजही आमच्या घरी आहे, पण तो मुका आहे. दहा मिनिटे धीर धरला नाही, त्याची ही शिक्षा. पुढे आम्ही हे काम शिकलो, ते मुख्यतः आपली चूक नेमकी कोठे झाली हे समजून घेण्यासाठी.

त्या पेटीचे आमच्या भागातील स्थान

आपल्या बेळगाव भागातील घरांत रेडिओ ही केवळ करमणुकीची वस्तू नव्हती. मुंबईचे केंद्र १९२७ साली सुरू झाले. धारवाडचे १९५० मध्ये, पुण्याचे १९५३ मध्ये आणि सांगलीचे १९६३ मध्ये. एकाच डायलवर कानडी, मराठी, हिंदी आणि रात्री लहरींच्या कृपेने सिलोन. विविधभारती १९५७ साली आली. ज्या घरात रेडिओ असे तेथे अर्धी गल्ली बातम्यांना जमे.

गोवामुक्तीच्या काळातील एक आठवण आपल्या भागाची म्हणून सांगण्याजोगी आहे. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या सरहद्दीलगतच्या रानात राहून गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. प्रथम आंबोलीच्या घाटात आणि पुढे कॅसलरॉकच्या बाजूस. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून तेथून बातम्या जात आणि गोव्यातील लोक दारे लावून, आवाज बारीक करून त्या ऐकत. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला होता. तरी त्या वर्षांत आपल्याकडील बहुतेक घरांत होते ते व्हॉल्व्हचेच रेडिओ. माळ्यावरच्या पेटीने काय काय ऐकले असेल, याचा विचार भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी मनात यावा, एवढ्यासाठी हे सांगितले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील एका वयोवृद्ध आजींनी नातवाकरवी असाच एक रेडिओ आमच्याकडे पाठवला. नातवाचा बेत वेगळा होता. आतले सगळे काढून टाकावे आणि पेटीत ब्लूटूथचा नवा बोर्ड बसवावा, असे त्याचे म्हणणे. आजी स्वतः मागोमाग आल्या. सोबत एक कापडी पिशवी. पिशवीत पोस्टाचे शुल्काचे तिकीट चिकटवलेले रेडिओ परवान्याचे जुने पुस्तक. परवान्याची ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात बंद झाली, पण पुस्तक त्यांनी जपले होते. म्हणाल्या, "मास्तर, हे गेल्यापासून कुणी लावलाच नाही बघा. आवाज तोच यायला पाहिजे. नाहीतर राहू दे." पुढील सर्व विवेचन याच रेडिओच्या आधाराने करतो.

आत काय चालते

रेडिओच्या मागचा पुठ्ठा काढला की, पत्र्याच्या एका खोक्यावर काचेचे व्हॉल्व्ह उभे दिसतात. या पत्र्याच्या खोक्यास चॅसिस म्हणतात. आजींच्या रेडिओत पाच व्हॉल्व्ह होते: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०. १९५५ ते १९६५ च्या सुमाराच्या पुष्कळ रेडिओंत हेच कुटुंब आढळते. प्रत्येकाचे काम वाटून दिलेले आहे.

एरियलवर एकाच वेळी असंख्य केंद्रांच्या लहरी आदळतात. आपण बटण फिरवतो तेव्हा गँग कंडेन्सरची पाती एकमेकांत सरकतात आणि हवे ते केंद्र निवडले जाते. पहिला व्हॉल्व्ह स्वतःची एक लहर निर्माण करून ती आलेल्या लहरीत मिसळतो. धारवाड केंद्राची मीडियम वेव्ह ७६५ किलोहर्ट्झवर आहे, असे धरू. रेडिओ त्या वेळी १,२२० ची लहर निर्माण करतो. दोहोंतील फरक ४५५. मुंबई लावा, पुणे लावा, फरक नेहमी तेवढाच राहील अशी योजना असते. त्यामुळे दुसऱ्या व्हॉल्व्हला सदैव एकाच मापाच्या लहरीचे वर्धन करावे लागते आणि ते तो उत्तम करतो. ही युक्ती अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ साली काढली.

तिसरा व्हॉल्व्ह लहरीतून आवाज वेगळा काढतो आणि थोडा वाढवतो. चौथा, म्हणजे ईएल ८४, आवाजास बळ देतो. त्याच्यापुढे आउटपुट ट्रान्स्फॉर्मर आणि मग स्पीकर. पाचवा व्हॉल्व्ह गाण्याशी संबंध नसलेला, स्वयंपाकघरातील माणसासारखा: विजेच्या उलटसुलट प्रवाहाचे सरळ प्रवाहात रूपांतर करून तो इतर चौघांना सुमारे २५० व्होल्ट पुरवतो. व्हॉल्व्हमधील तांबूस तार तापविण्यासाठी मात्र ६.३ व्होल्ट पुरतात.

बिघडते काय?

रेडिओ बंद पडला म्हणजे व्हॉल्व्ह गेले, असा सार्वत्रिक समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. व्हॉल्व्ह चिवट असतात. काचेच्या आत वरच्या बाजूस चांदीसारखा चकाकणारा डाग असतो; तो शाबूत असेल तर आतील निर्वात स्थितीही शाबूत आहे, असे समजावे. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह संपला.

खरे दुखणे कंडेन्सरांचे असते. हे दोन जातींचे. पहिले कागदी. धातूच्या पातळ पत्र्यांमध्ये मेणात भिजवलेला कागद गुंडाळून ते केलेले असतात. कागद हवेतील ओल शोषतो. आपल्याकडचे पावसाळे किती ओले असतात हे बेळगावकरांस सांगावयास नको. तीस-चाळीस पावसाळे काढलेला कागदी कंडेन्सर थोडी थोडी वीज गळू देतो. वरून तो ठीक दिसतो; साध्या मीटरवरही पुष्कळदा ठीक दिसतो. दाब वाढला की गळती सुरू.

यांपैकी एक कंडेन्सर सर्वांत घातक असतो. तिसऱ्या व्हॉल्व्हचा ॲनोड आणि ईएल ८४ चे ग्रिड यांच्यामध्ये तो बसवलेला असतो. त्यास कपलिंग कंडेन्सर म्हणतात. किंमत साधारण ०.०१ मायक्रोफॅरड. आवाज पुढे जाऊ द्यावा आणि सरळ दाब अडवावा, हे त्याचे काम. समजा ॲनोडवर ८० व्होल्ट आहेत, ग्रिडचा रेझिस्टन्स १ मेगओम आहे आणि जुन्या कंडेन्सरची गळती अवघी २० मेगओम एवढी आहे. २० मेगओम म्हणजे फारच थोडी गळती, असे कोणालाही वाटेल. पण हिशेब करा. एकूण २१ भाग झाले. त्यांतील एक भाग ग्रिडच्या वाट्याला. ८० भागिले २१, म्हणजे जवळजवळ ४ व्होल्ट ग्रिडवर चढतात. तेथे शून्य असावयास हवे. ईएल ८४ ला लगाम घालणारा दाब असतो साधारण ७ व्होल्टांचा. त्यातले ४ असे खाल्ले गेले की, व्हॉल्व्ह बेलगाम प्रवाह ओढू लागतो, तापतो आणि आपल्याबरोबर आउटपुट ट्रान्स्फॉर्मर, ईझेड ८० आणि मेन्स ट्रान्स्फॉर्मर यांनाही ओढून नेतो. आज थोड्या रुपयांत मिळणारा कंडेन्सर न बदलल्यामुळे पुन्हा न मिळणारा ट्रान्स्फॉर्मर जातो. आमच्या आजोबांच्या रेडिओचे हेच झाले होते.

दुसरी जात इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांची. हे ॲल्युमिनियमच्या डब्यासारखे दिसतात आणि सरळ प्रवाहातील घरघर गाळून टाकतात. त्यांच्या आतील पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विजेला अडवतो. रेडिओ वर्षानुवर्षे बंद राहिला की, हा थर दुबळा होतो. मग एकाएकी २५० व्होल्ट आले की तो सहन करू शकत नाही. तो मोठा घूंऽऽ आवाज याच डब्यांचा.

याशिवाय कार्बनचे रेझिस्टन्स काळाने वाढतात आणि रबरी वायरींचे कवच बिस्किटासारखे तुटते. पण मुख्य आरोपी हे दोन.

जिवाची काळजी प्रथम

कामाचा क्रम सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. या रेडिओतील वीज माणसास ठार मारू शकते. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कंडेन्सरमध्ये दाब शिल्लक राहतो. त्यामुळे हात घालण्यापूर्वी १० किलोओम, ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून तो चॅसिसवर उतरवावा. रेझिस्टन्सची टोके झाकलेली हवीत. नंतर मीटर लावून शून्य झाल्याची खात्री करून घ्यावी. चालू रेडिओत माप घेताना एकच हात वापरावा, दुसरा खिशात. पायांत कोरडी चप्पल, टेबल लाकडी आणि घरात दुसरे माणूस जागे असावे.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. पूर्वी काही शहरांत डी.सी. वीज होती. तेथेही चालावेत म्हणून ए.सी.-डी.सी. जातीचे रेडिओ निघत. त्यांत मेन्स ट्रान्स्फॉर्मर नसतो आणि चॅसिस थेट विजेच्या एका तारेस जोडलेले असते. प्लग उलटा बसला तर सगळा पत्रा जिवंत होतो. बटण निघाले असेल तर त्याच्या उघड्या दांड्यालाही धक्का बसतो. व्हॉल्व्हची नावे 'यू' या अक्षराने सुरू होत असतील, जसे यूसीएच ८१, यूएल ८४, तर रेडिओ बहुधा या जातीचा समजावा. नवशिक्याने त्यास हात लावू नये, असे आमचे स्वच्छ मत आहे. शाळेतील मुलांना आम्ही हे काम दाखवतो, पण फक्त प्लग काढलेला आणि दाब उतरवलेला असताना. डाख देणे मुले लवकर शिकतात. विजेची भीती मात्र आधी शिकवावी लागते.

कामाचा क्रम

प्रथम फोटो काढावेत. वरून, खालून, प्रत्येक कोपऱ्याचा. आजच्या मोबाइलमुळे जुन्या मेकॅनिकांना न लाभलेली ही सोय आपणांस लाभली आहे. प्रत्येक व्हॉल्व्ह काढताना कोणता कोठे होता ते लिहून ठेवावे. काचेवरील नाव ओल्या फडक्याने पुसू नये. शाई निघून जाते आणि मग व्हॉल्व्ह ओळखता येत नाही. ब्रशने धूळ झाडावी. गँग कंडेन्सरची पाती वाकवू नयेत.

नंतर तपासणी. वर सांगितलेल्या पाचही व्हॉल्व्हच्या ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांमध्ये मीटर लावून तार शाबूत आहे का पाहावे. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या व्हॉल्व्हकडील वेटोळ्यात काही शेकडा ओम मिळावयास हवेत. ते तुटलेले असेल आणि तसाच रेडिओ चालू केला तर ईएल ८४ ची स्क्रीन लालभडक होऊन व्हॉल्व्ह जातो. आजींच्या रेडिओत हे वेटोळे शाबूत निघाले, तेव्हा आमचा अर्धा जीव भांड्यात पडला.

मग बदलाबदली. कपलिंग कंडेन्सर प्रथम. नंतर उरलेले सर्व कागदी, एकामागून एक. एक काढावा, त्याच जागी नवा बसवावा, मग दुसऱ्यास हात घालावा. सगळे एकदम काढून ठेवण्याचा मोह टाळावा. नवे कंडेन्सर पॉलिएस्टरचे, ६३० व्होल्टचे घ्यावेत. विजेची तार आणि चॅसिस यांच्यामध्ये जो कंडेन्सर असतो तेथे मात्र साधा कंडेन्सर चालणार नाही. वाय-२ असा शिक्का असलेला सुरक्षित जातीचाच घ्यावा, कारण तो फुटला तर पत्रा जिवंत होतो. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर सहसा चांगले असतात. त्यांना उगीच छेडू नये.

इलेक्ट्रोलिटिकचा जुना डबा शोभेसाठी जागीच ठेवावा, त्याच्या तारा सोडवाव्यात आणि नवे छोटे कंडेन्सर चॅसिसच्या खालच्या बाजूस बसवावेत. धन-ऋण बाजू दोनदा तपासावी. घरघर अधिक कमी व्हावी म्हणून फार मोठ्या मापाचा कंडेन्सर घालू नये. ईझेड ८० च्या पुढील पहिल्या कंडेन्सरला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. तिच्यापलीकडे गेलात तर सुरू होतानाच्या ओढीने व्हॉल्व्ह दगावतो. जुन्या डब्यावर ३२ लिहिले असेल तर ३३ घालावा आणि समाधान मानावे.

रेझिस्टन्स मोजून पाहावेत. लिहिलेल्या किमतीपासून पाचव्या हिश्शाहून अधिक ढळलेले बदलावेत. बाहेरची वायर नवी तीन तारांची घालावी, अर्थिंग चॅसिसला पक्के करावे आणि अर्ध्या अँपिअरचा, क्षणाचा झटका सोसणारा फ्यूज बसवावा. असा रेडिओ सुमारे ५० वॅट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर पाव अँपिअरहूनही कमी. अर्धा पुरेसा होतो. मागच्या बाजूस व्होल्टेज निवडण्याची पट्टी असल्यास ती सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवावी. आपल्याकडे वीज पुष्कळदा २४० ला टेकते.

बँड स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोल यांत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरे. आय.एफ. ट्रान्स्फॉर्मरचे स्क्रू मात्र फिरवू नयेत. रेडिओ वाजत नाही म्हणून आधी तेच फिरविणारे पुष्कळ भेटतात. कारखान्यात जमवलेला मेळ एका वळणात बिघडतो आणि आतील ठिसूळ गाभा तुटतो तो वेगळाच.

शंभर वॅटचा पहारेकरी

आता वीज जोडावयाची, पण सरळ नव्हे. वायरमनकडे असतो तसा सीरिज बोर्ड घ्यावा आणि त्यात जुन्या पद्धतीचा, तार असलेला बल्ब लावावा. एलईडी येथे उपयोगाचा नाही. रेडिओत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि सर्व दाब आपल्या अंगावर घेतो, रेडिओ वाचतो.

पहिल्या पायरीस सर्व व्हॉल्व्ह आणि डायलचा दिवा काढून, ६० वॅटचा बल्ब लावून तासभर नुसता मेन्स ट्रान्स्फॉर्मर चालवावा. बल्ब जेमतेम लाल व्हावा आणि ट्रान्स्फॉर्मर फार तर कोमट. दुसऱ्या पायरीस ईझेड ८० सोडून बाकीचे व्हॉल्व्ह आणि १०० वॅटचा बल्ब. चारी तारा तांबूस दिसल्या की पुढे जावे. तिसऱ्या पायरीस ईझेड ८०. बल्ब आधी उजळतो, मग मंद होतो. मंद झाला नाही तर तत्काळ बंद करावे. सर्व ठीक असेल तर शेवटी बल्ब काढून रेडिओ सरळ विजेवर घ्यावा आणि मीटर हाती धरावा.

पाहावयाचे आकडे थोडे आहेत. ईएल ८४ च्या दुसऱ्या पिनेवर, म्हणजे ग्रिडवर, शून्य. तिसऱ्या पिनेवर, म्हणजे कॅथोडवर, सुमारे ७ व्होल्ट. तेथील रेझिस्टन्स १३५ ओमचा असेल तर भागाकार करून ५० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह निघतो आणि तोच योग्य होय. सातव्या आणि नवव्या पिनेवर २५० च्या सुमारास. विद्यार्थ्यांना ओमचा नियम पुस्तकातून शिकवताना आम्हांस जे श्रम पडतात, ते असा एक भागाकार प्रत्यक्ष रेडिओवर करून दाखवला की वाचतात. ग्रिडवर शून्य आले की, आमच्या छातीवरचे एक ओझे दर वेळी उतरते. कारण त्या पिनेवर काय होते, हे आम्ही एकदा न मोजता प्लग लावला होता.

आजींच्या रेडिओत ईझेड ८० दुबळा निघाला. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारांत अजून व्हॉल्व्ह मिळतात, तसा एक मिळाला. बाकी चार मूळचेच आहेत. नऊ कंडेन्सर, चार रेझिस्टन्स, एक वायर, एक फ्यूज: सर्व खर्च एका बऱ्या चपलेच्या जोडाहून कमी आला. वेळ मात्र पाच रविवार लागला.

आज ऐकावयाचे काय?

हा प्रश्न वाजवी आहे. मीडियम वेव्हवरील केंद्रे पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत आणि होत आहेत. तरी सूर्यास्तानंतर डायल फिरवून पाहावा. दिवसा वातावरणातील एक थर या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि शेकडो मैलांवरची केंद्रे ऐकू येतात. खरा अडथळा आता घरातच असतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर मीडियम वेव्हवर येते. ते बंद करून, गच्चीवर आठ-दहा मीटर तारेचे एरियल ताणले की, फरक तात्काळ कळतो. पावसाळ्यात विजा होत असताना ते काढून ठेवावे.

मोबाइलवरील गाणीही यातून ऐकता येतात, आणि त्यासाठी पेटी रिकामी करावी लागत नाही. पुष्कळ रेडिओंना मागे ग्रामोफोनसाठी दोन भोके असतात. ट्रान्स्फॉर्मरच्या रेडिओत तेथे मोबाइलचा आवाज जोडता येतो. ए.सी.-डी.सी. जातीच्या रेडिओला मात्र मोबाइल कदापि जोडू नये. आजींच्या नातवास आम्ही हे करून दाखवले, तेव्हा त्याने ब्लूटूथचा हट्ट सोडला. आतली यंत्रणा काढून पेटी ठेवणे म्हणजे सतारीच्या भोपळ्यात घड्याळ बसविण्यासारखे आहे, असे आम्ही त्यास म्हणालो. तो हसला, पण समजला.

पाचव्या रविवारी संध्याकाळी आजींना बोलावले. दिवे मालवले, बटण फिरवले. अर्ध्या मिनिटाने, व्हॉल्व्ह तापल्यावर, आवाज हळूहळू वर आला. कानडीत शेतमालाचे भाव चालले होते. आम्हांस वाटले होते, एखादे जुने गाणे लागेल तर बरे. आजी मात्र पेटीला कान लावून बसल्या आणि दोन मिनिटांनी म्हणाल्या, "तोच आवाज आहे. हे पण भावच ऐकत बसायचे."

शेवटी दोन विनंत्या

प्रत्येक रेडिओ पुन्हा बोलता होईलच असे नाही. ट्रान्स्फॉर्मर जळला, पत्रा गंजून गेला, उंदरांनी तारा खाल्ल्या, तर तसे सरळ सांगावे. शोभेची वस्तू म्हणून त्याचा मान राहतोच. पण अनेक रेडिओ मरतात ते म्हातारपणाने नव्हे, आपल्या घाईने.

यास्तव सभासद बंधुभगिनींस पहिली विनंती ही की, कागदी कंडेन्सर बदलल्याशिवाय जुन्या रेडिओस वीज दाखवू नये. आणि दुसरी: आपल्या गावात एखादे जुने रेडिओ मेकॅनिक अजून असतील, तर घरातील एखाद्या होतकरू मुलास किंवा मुलीस त्यांच्याजवळ चार रविवार बसवावे. व्हॉल्व्ह मिळतील, कंडेन्सर मिळतील; कोणती तार कशासाठी आहे हे सांगणारे मिळणे कठीण होत चालले आहे. आमच्या मागच्या खोलीचे दारही सुटीच्या दिवशी उघडे असते. रेडिओ आणावा, प्लग लावून पाहिलेला नसावा, एवढीच अट.